मीराबाईनं निवडलेला चेहरा

कामतघरच्या त्या चाळीत कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी मीराबाईच्या दाराची कडी वाजते. ती एका खासगी दवाखान्यात आया आहे. बाळंतिणींना न्हाऊ घालायचं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची कूस बदलायची, त्यांचं हगणंमुतणं काढायचं, हे तिनं उभी हयात केलं. माणूस कितीही घाण झालेलं असो, मीराबाईच्या कपाळाला आठी पडत नाही, असं दवाखान्यातल्या नर्सा सांगतात. नवरा चांगदेव कापडाच्या लूमवर कामाला होता. छातीत कापसाचे तंतू बसून बसून खोकला लागला आणि त्यातच तो गेला. मुलगी पूर्वा कोनजवळच्या एका गोदामात कामाला जाते. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल उघडायचा, त्याचे फोटो काढायचे, असं तिचं काम.

आणि मुलगा? कुणी विचारलं की मीराबाई सांगायची, "हाय की. बुद्धभूषण. मोठा हाय पूर्वाहून." 'होता' हा शब्द तिच्या तोंडून कधी कुणी ऐकला नाही.

भूषण हरवला तेव्हा दहा वर्षांचा होता. सहा डिसेंबरला सगळं घर चैत्यभूमीला गेलं होतं. चांगदेव पाण्याच्या रांगेत उभा होता. भूषणला फिट यायच्या, बोलणंही उशिरा आलेलं, म्हणून मीराबाईनं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. चार वर्षांची पूर्वा तिच्या खांद्यावर झोपली होती. खांदा अवघडला तशी पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेण्यासाठी तिनं दोन्ही हात वापरले. तेवढंच. पोरगी नीट घेतली आणि खाली बघितलं, तर शेजारी दुसऱ्याच कुणाचे पाय.

माईकवरून नाव पुकारलं. पोलिसांत तक्रार दिली. मग ठाणे, कल्याण, मनमाड. बालगृहं, स्टेशनं, दर्गे, देवळं. चांगदेव होता तोवर दोघं फिरत. तो गेल्यावर मीराबाई सुटीच्या दिवशी एकटीच फिरू लागली. पूर्वाला हे सगळं माहीत होतं. कुणाला खांद्यावर घेताना तो हात सुटला, हेही माहीत होतं. आईनं तिला कधी बोल लावला नाही, पण चाळीतल्या बायका ही गोष्ट तिच्यासमोरच सांगत.

भूषणचा एकच फोटो घरात होता. शाळेत काढलेला. तेल थापून बसवलेले केस, सावळा चेहरा, एक दात पडलेला, आणि उजव्या कानाची वरची कड आतल्या बाजूला दुमडलेली. ती जन्मापासूनच तशी होती.

गोदामातल्या एका मुलीनं पूर्वाला मोबाइलवरचं एक ॲप दाखवलं. फोटो टाकला की मशीन त्या माणसाची नवी चित्रं काढून देतं. म्हातारा कर म्हटलं तर म्हातारा, लहान कर म्हटलं तर लहान. एका वेळी चार चित्रं येतात. आपल्याला आवडेल त्यावर बोट ठेवायचं. जितकं निवडू तितकं त्याला आपल्या आवडीचं कळतं आणि पुढची चित्रं तशी येतात. ती मुलगी त्यावर स्वतःच्या लग्नाच्या साड्या बघत होती. पूर्वाच्या डोक्यात मात्र भूषण आला. आत्ता तो कसा दिसत असेल?

रविवारी दुपारी तिनं आईला शेजारी बसवलं, शाळेतला फोटो टाकला आणि लिहिलं, वय अठ्ठावीस. पडद्यावर चार पुरुष उमटले. मीराबाईनं पदरानं चष्मा पुसला आणि मोबाइल हातात घेतला. एकेक चेहरा ती डोळ्यांजवळ नेऊन बघत गेली.

"ह्यो न्हाय," शेवटी ती म्हणाली. पहिल्याची गालफडं बसली होती. "कुणाचं तरी उपाशी पोर हाय ह्ये. ह्यो पन न्हाय, दाढी हाय. त्याच्या बापानं कधी दाढी ठेवली न्हाय. ह्यो बघ. ह्याचं कपाळ भूषणचं हाय."

तिनं बोट ठेवलं. पुन्हा चार आले. पुन्हा एक निवडला. पूर्वा चहा टाकायला उठली, चहा गाळून आणला, तरी आईचं बोट चालूच होतं. जसजशी ती निवडत गेली तसतसे उपाशी चेहरे येणंच बंद झालं. दाढी गेली. अंगावर इस्त्रीचा निळा शर्ट आला, गाल भरले, ओठांवर समजूतदार हसू आलं. पडद्यावर खाली अक्षरं आली : तुमची आवड आता आम्हाला कळू लागली आहे.

मीराबाईला वाचता येत होतं. ती अक्षरांवर बोट फिरवत म्हणाली, "बघ. त्याला वळखू यायला लागला."

"आई, तसं नाही. त्याला तू कळतेयस. भूषण नाही."

"मी आई हाय त्याची. मला कळतंय म्हंजे त्यालाच कळतंय."

"भूषण एवढा गोरा नव्हता."

"उन्हात खेळायचा म्हून काळवंडलेला."

पूर्वानं पुढं वाद घातला नाही. इतक्या वर्षांत आईच्या चेहऱ्यावर असं काही तिनं बघितलं नव्हतं. त्या आनंदाला धक्का लावायची तिची छाती झाली नाही.

पूर्वानं ते ॲप आईच्या मोबाइलवर घालून दिलं आणि मग रोजचंच झालं. ड्युटीवरून आलं की मीराबाई हातपाय धुऊन मोबाइल घेऊन बसायची. आज भूषण खुर्चीवर बसलेला, उद्या मोटारसायकलवर, परवा पांढऱ्या कपड्यांत विहारात हात जोडलेला. तिनं काही म्हणायचा अवकाश, तो तसा उभा राहायचा. चेहरा आता बदलत नव्हता. कुठल्याही चित्रात तो तोच असायचा, आणि सगळीकडून तो तिच्याकडेच बघायचा. शेजारच्या ठकुबाईनं एकदा चित्र बघून कौतुक केलं, "हीरो हाय की गं पोरगा!" तर मीराबाईनं दृष्ट काढतात तशी मोबाइलवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली.

एक चित्र तिनं नाक्यावरच्या कल्पेशच्या फ्लेक्स छापायच्या दुकानात नेलं. खाली मोठ्या अक्षरांत 'हरवला आहे', पूर्वाचा फोन नंबर, चाळीचा पत्ता, आणि वर तो निळ्या शर्टातला देखणा तरुण. शाळेतला जुना फोटोही लावू या, असं पूर्वा म्हणाली, पण मीराबाईनं ऐकलं नाही. "लोक गोंधळतील. आता तो पोर ऱ्हायलाय का?" पोस्टरं कामतघरात लागली, एस.टी. स्टँडवर लागली, कोनला, पार अंबाडीच्या नाक्यापुढं वाड्याच्या रस्त्याला लागली. ती स्वतः डबा आणि ब्रश घेऊन रिक्षानं जायची आणि स्वतःच्या हातानं चिकटवायची.

फोन आले. कुणी टवाळी केली, कुणी भलत्याच माणसाचा पत्ता दिला. आणि एका संध्याकाळी पोस्टरवरचा माणूसच दारात येऊन उभा राहिला.

खरंच. तसंच कपाळ, तसेच भरलेले गाल. फक्त शर्ट पांढरा होता. तो वैतागलेला होता. "मावशी, माझा फोटो कुणी लावलाय हा? ऑफिसात सगळे हसतायत मला. मी राकेश. पडघ्याला राहतो. मी कुठं हरवलोय?"

मीराबाई पीठ मळत होती. ती तशीच उठली आणि पिठाच्या हातानं तिनं त्याची दोन्ही मनगटं धरली.

"मावशी, हात सोडा ना."

"न्हाय. आता न्हाय सोडायची."

पूर्वा मधे पडली. तिनं त्याला सगळं सांगितलं तेव्हा पोरगा वरमला, खाली बसला, पाणी प्यायला. त्यानं समजुतीनं सांगून बघितलं, की मला आई आहे, घरी आहे, मी तिच्याच पोटचा. आधार कार्ड दाखवलं. मीराबाई म्हणाली, "कारडं काय, कुनी बी बनवतंय. तू सापडलेला हाईस म्हून तुला सांगितलं नसंल त्यांनी." त्यानं घरी फोन लावून आपल्या आईशी बोलणं करून दिलं. पलीकडची बाई रडवेली झाली आणि चिडलीही. मीराबाईनं फोन नुसता कानाला धरला आणि डोळे त्याच्यावरच ठेवले. शेवटी ठकुबाईनं आणि पूर्वानं मिळून तिची बोटं सोडवली. जाताना राकेशच्या दोन्ही मनगटांना पीठ लागलेलं होतं.

गोष्ट इथं मिटली नाही. तो कुठल्या ऑफिसात काम करतो हे मीराबाईनं शोधून काढलं. दवाखान्याला दांडी मारून ती त्या इमारतीसमोर जाऊन उभी राहू लागली. डब्यात बोंबलाचं कालवण न्यायची. वॉचमननं हाकललं तर समोरच्या टपरीपाशी बसायची. शेवटी राकेशनं पूर्वाला फोन केला. "ताई, पोलिसांत जायचं नाही मला. पण माझी आई आजारी पडली या टेन्शननं. काहीतरी करा."

त्या दिवशी पूर्वानं आईला टपरीवरून रिक्षात घालून घरी आणलं. वाटेत मीराबाई एकच वाक्य बोलली. "तुझ्यासाठीच सोडला व्हता हात. आता तू पन सोडवलास."

हे वाक्य कधीतरी येईल असं पूर्वा इतकी वर्षं धरून चालली होती. ते आलं तेव्हा तिला रडूही आलं नाही. दुसऱ्या दिवशी गोदामात जेवणाच्या सुटीत ती मालाच्या खोक्यांमागे जाऊन बसली आणि स्वतःच्या मोबाइलवर नव्या नावानं तेच ॲप उघडलं. शाळेतला फोटो टाकला. चार चित्रं आली. या वेळी, जे चित्र बघवत नव्हतं त्यावर तिनं बोट ठेवलं.

फिट येणारं पोर. नीट बोलता न येणारं. औषध नाही, आई नाही. ते अठ्ठावीसचं होईपर्यंत त्याचं काय झालं असेल? फिटमध्ये पडून दात तुटले असतील. केस कुणी कापले असतील का? ती निवडत गेली आणि मशीन तिचंही ऐकत गेलं. निळा शर्ट आलाच नाही. मशीननं कान सरळ केला की ती ते चित्र टाकून द्यायची. यातला कुठलाही चेहरा भूषणचा नाही हे तिला कळत होतं. आईनं जसा सुखातला भूषण मागितला तशी ती दुःखातला मागत होती. म्हणून तिनं एकच चित्र धरलं नाही. बारीक, जाड, टकला, दाढीवाला, अशी पाचसहा घेतली आणि त्यांच्या मधोमध शाळेतला खरा फोटो लावला. खाली लिहिलं : फिट येतात, नीट बोलत नाही, उजवा कान जन्मापासून दुमडलेला. आणि ते ओळखीच्या सगळ्यांना पाठवलं, रस्त्यावरच्या बेवारस माणसांना सांभाळणाऱ्या संस्थांचे नंबर शोधून त्यांनाही पाठवलं.

मीराबाईला ते ठकुबाईच्या मोबाइलवर दिसलं. ती घरी येऊन पूर्वाच्या अंगावर धावून गेली. "माझ्या लेकाला भिकारी केलास! असा असल तो? असा?"

"असेल, आई. असू शकतो. असा असला तर नको का तुला?"

मीराबाईनं तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

आठवडा सरायच्या आत केसरीनाथ म्हात्रे नावाच्या माणसाचा फोन आला. अंबाडीच्या पुढं, वाड्याच्या रस्त्याला, तो आणि त्याची बायको बेवारस माणसांचं एक छोटंसं निवारागृह चालवत. "आमच्याकडं एक माणूस आहे," तो म्हणाला. "एका ढाब्यावर भांडी घासायचा. तिथं त्याला राजू म्हणत. फिट वाढल्या तसं त्यांनी आणून नाक्यावर सोडला. तुमच्या चित्रातल्या कुठल्याच चेहऱ्याशी पुरता जुळत नाही तो. पण तो लहानपणचा फोटो बघितला आणि मी उठून त्याचा कान बघून आलो."

मग म्हणाला, "ताई, तुमच्याच नंबरचं ते दुसरं पोस्टर आमच्या फाटकासमोरच्या खांबाला लागलंय कधीपासून. राजू रोज त्याच्याखाली बसतो. आम्हाला कुणालाच काही वाटलं नाही."

दोघी गेल्या. मीराबाई नाइलाजानं गेली. ओसरीवर एक माणूस लसूण सोलत बसला होता. पाठीला पोक, पुढचे दात नाहीत, भुवईवर, हनुवटीवर पडल्याच्या जुन्या खुणा, केस बारीक कापलेले. वयानं चाळिशीचा वाटत होता. पूर्वानं त्याचा कान बघितला. दुमडलेली कड. अगदी तीच.

मीराबाई त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिनं त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, दवाखान्यात पेशंटचा वळवावा तसा. त्यानं हरकत घेतली नाही. त्यालाही ती ओळखीची वाटली नाही. तिनं खूप वेळ बघितलं. चेहऱ्यात ती काहीतरी शोधत होती आणि ते सापडत नव्हतं.

"ह्यो न्हाय," ती म्हणाली.

"आई, कान बघ ना."

"बघितला. माझ्या भूषणचा कान असा न्हाय." आणि तिनं मोबाइल काढून निळ्या शर्टातला भूषण पुढं धरला. त्याचे दोन्ही कान सरळ, नीटस होते. शाळेतला फोटो पूर्वानं तिच्या हातात कोंबला, तेव्हा तिनं एकदा फोटो बघितला, एकदा मोबाइल, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तरी ती उठून फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली.

केसरीनाथनं पोलिसांना कळवलं, आणि मायलेकरांचं रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट यायला दिवस लागले. तेवढ्या काळात मीराबाई कामाला गेली, घरी आली, जेवली. ॲप तिनं उघडलं नाही. रिपोर्टमध्ये काय आलं ते पूर्वानं वाचून दाखवलं. राजू म्हणजेच बुद्धभूषण. संशयाला जागा नव्हती.

मीराबाईनं मान हलवली. मग इतक्या साध्या आवाजात विचारलं, की पूर्वाला आधी प्रश्न कळलाच नाही.

"मग तो कुठं हाय?"

"कोण, आई?"

"तो. आपला."

भूषणला घरी आणलं. मीराबाईनं त्याला अंघोळ घातली, नखं कापली, डॉक्टरला दाखवून फिटच्या गोळ्या सुरू केल्या. भात कालवून घास भरवला. रात्रपाळी बंद करून घेतली. सेवेत कसूर नव्हती, पण ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. "जेवताय ना?" "इकडं हात द्या." दवाखान्यातल्या पेशंटशी बोलायची तसं. पूर्वाला ते ऐकवत नसे. तो मात्र प्रत्येक हाकेला ढाब्यावरच्यासारखा दचकून उठायचा आणि समोर दिसेल ते भांडं घासायला घ्यायचा.

एकदा पूर्वा म्हणाली, "ती चित्रं काढून टाक आता मोबाइलमधून."

"एकाला घरात घेतलं म्हून दुसऱ्याला भायेर काढू?"

"दुसरा कुणी नाहीये, आई."

"मला ठाव हाय." मीराबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "ठाव हाय म्हून तर. इतकी वरसं तो कुठंतरी सुखात हाय म्हून मी जेवत व्हते. माझा भूषण ढाब्यावर मार खात व्हता आनि मी त्याला इस्तरीचा शर्ट घालत व्हते. आता तो सुखातला गेला म्हन की. मेला म्हन. मेला तर त्याचं काय तरी करायला नको?"

आणि तिनं ठरवलं. गेलेल्या माणसासाठी करतात ते पुण्यानुमोदन करायचं. पूर्वा हबकली. घरात जिवंत मुलगा बसलेला असताना? पण आईच्या डोळ्यांकडे बघून तिनं विहारातल्या बौद्धाचार्यांना बोलावलं. फक्त ठकुबाईला सांगितलं, आणखी कुणाला नाही.

सकाळी मीराबाईनं पांढरी साडी नेसली. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लावल्या, खीर केली. भूषण भिंतीला टेकून बसला होता. बौद्धाचार्य म्हातारे, शांत माणूस. त्यांनी वंदनेची तयारी केली आणि विचारलं, "मीराबाई, नाव काय घ्यायचं?"

मीराबाईनं तोंड उघडलं. नाव एकच होतं, आणि ते भिंतीशी बसलेल्या माणसाचं होतं. ती ओठ हलवत राहिली. ठकुबाईनं हळूच मीराबाईच्या पाठीवर हात ठेवला, तशी ती कोसळली. तिच्या तोंडून निघालेला आवाज ऐकून शेजारच्या खोलीतले लोक दारापाशी येऊन उभे राहिले. चांगदेव गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, असं चाळीतले लोक अजून सांगतात. भूषण घाबरला. त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले, आता मार बसणार म्हणून.

ते मीराबाईला दिसलं. ती रडत रडतच गुडघ्यांवर सरकत त्याच्यापर्यंत गेली आणि त्याचे हात डोक्यावरून खाली घेतले. ती नुसती ते हात धरून बसली.

बौद्धाचार्यांनी कुणाचंही नाव न घेता वंदना म्हटली आणि ते निघून गेले.

खीर तशीच पातेल्यात होती. मीराबाईनं एका वाटीत काढली आणि भूषणसमोर ठेवली. त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी ओरडतंय का ते, आणि मग घाईघाईनं खाल्ली. मीराबाई त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती. डोळे सुजले होते, चष्मा बाजूला पडला होता.

"अजून देऊ तुला?" तिनं विचारलं.

त्यानं वाटी पुढं केली.